बातमीदारी, मास्तरकी आणि कथा-कादंबरी : तिन्ही करायचं असेल तर कसं करायचं

निकाल लागले की दरवर्षी हा प्रश्न येतोच. लिहायला आवडतं, पण घरचे विचारतात पोटापाण्याचं काय, मग पत्रकारिता करू, बीएड-नेट-सेट करून शिकवायला लागू, की सगळं सोडून मुंबईला जाऊन सिरियल लिहू? आणि मग लोक यातलं एक निवडायला बसतात आणि वर्ष वर्ष बसूनच राहतात.

माझं सरळ मत आहे, एक निवडूच नका. मराठीत फक्त पुस्तकं लिहून घर चालवलेले लोक हाताच्या बोटावर मोजावे लागतील, बाकी सगळे कुठेतरी नोकरी करून लिहिणारे. अत्रे मास्तर होते, टी.डी. ही शिक्षकांची पदविका करायला लंडनला जाऊन आले, शाळेची पाठ्यपुस्तकं केली, नाटकं लिहिली, सिनेमे काढले, १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक काढलं. साने गुरुजी अमळनेरला शाळेत शिकवायचे, पुढे १९४८ मध्ये त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. तेंडुलकर वर्तमानपत्रात नोकरी करता करता नाटककार झाले. म्हणजे "माझं करिअर जरा विस्कळीत आहे" असं वाटून कानकोंडं व्हायचं काही कारण नाही, मराठीत हीच वहिवाट आहे.

फक्त एक गोष्ट आधी ठरवायची आणि ती कागदावर लिहून ठेवायची. घरभाडं कशातून येणार, लिहायचा माल कुठून येणार, आणि दिवसातले डोकं ताजं असलेले दोन तास कुणाला देणार. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हीचं उत्तर एकच काम असेल तर गडबड होते. उदाहरणार्थ पेपरची नोकरी भाडं पण देते, माल पण देते, पण तिला सगळं द्याल तर ताजे तास पण तीच घेऊन जाते, मग चाळिशीत माणूस सांगत फिरतो की माझ्या डोक्यात एक कादंबरी आहे. कॉलेजची कायम नोकरी भाडं देते, थोडाफार वेळ देते, माल मात्र फार देत नाही, म्हणून कॉलेजातल्या लोकांच्या पुष्कळ कथा कॉलेजातच घडतात, स्टाफरूम, प्राचार्य, एक हुशार विद्यार्थिनी वगैरे. मी जिल्ह्याच्या दैनिकात डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या कापून-तपासून पानं लावायला होतो, नंतर तासिका तत्त्वावर शिकवलं, कथा-एकांकिका दोन्हीकडे चालूच होत्या, त्यामुळे पुढचं सगळं आतून बघून लिहितोय.

अरुण साधूंकडे जरा नीट बघा

तिन्ही केलेल्यांपैकी शिकण्यासारखं सगळ्यात जास्त मला साधूंकडे दिसतं. जन्म १९४१ चा, परतवाड्याचा. पत्रकारितेतला मोठा काळ मुंबईत आणि तोही इंग्रजी पेपरांत, इंडियन एक्स्प्रेस, टाइम्स ऑफ इंडिया, फ्री प्रेस जर्नल. कादंबऱ्या मात्र मराठीत, 'मुंबई दिनांक' आणि १९७७ ची 'सिंहासन'. या दोन्हींवरून जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये सिनेमा केला, पटकथा तेंडुलकरांची, आणि मधोमध निळू फुलेंनी केलेला पत्रकार दिगू टिपणीस. पुढे १९९५ ते २००१ साधू पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचे, म्हणजे आपल्या रानडे इन्स्टिट्यूटचे प्रमुख होते, आणि २००७ ला नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

आता यातून घ्यायचं काय, तर पहिलं म्हणजे बातमीची भाषा आणि कादंबरीची भाषा वेगळी ठेवणं. त्यांच्या बाबतीत दिवसभर इंग्रजी आणि स्वतःचं मराठी ही वाटणी होती, आणि मला कायम वाटत आलंय की त्याचा कादंबऱ्यांना फायदाच झाला असणार, कारण "सूत्रांनी सांगितले", "यावेळी मान्यवर उपस्थित होते" असली वाक्यं एकदा बोटांत बसली की ती कथेत पण आपोआप उतरतात. आपण दोन्हीकडे मराठीतच लिहिणार, म्हणून वाटणी दुसऱ्या कशाने तरी करायची. बातमी कॉम्प्युटरवर आणि कथा वहीत हाताने, किंवा बातमी ऑफिसात आणि कथा घरी, काहीही चालेल पण काहीतरी भिंत हवी. माझ्या ओळखीतले एक जण कथा फक्त बोलीत लिहितात, प्रमाण भाषेत एक ओळ लिहीत नाहीत, आणि त्याचं कारण विचारलं तर म्हणतात की प्रमाण भाषेत लिहायला बसलो की हेडिंग सुचायला लागतं.

दुसरं म्हणजे मंत्रालय कव्हर करणाऱ्या माणसाने राजकारणावर कादंबरी लिहिली तरी ती गौप्यस्फोट म्हणून लिहिली नाही. बातमीत जे बसतं ते बातमीत छापून झालेलंच असतं. कादंबरीत आलं ते बातमीत न बसणारं, सत्तेच्या आसपास माणसं कशी बोलतात, कोण कुणाला किती वेळ ताटकळत ठेवतो, फोन कोण आधी ठेवतो. आणि तिसरं, शिकवायला ते फील्डवर आयुष्य काढून मग गेले. सगळ्यांना एवढं थांबणं परवडणार नाही हे मान्य आहे, पण एमए झाल्या झाल्या एकही बातमी न लिहिता बातमीलेखन शिकवणारे लोक बघितले की विद्यार्थ्यांची कीव येते.

पेपरमध्ये शिरताना

शक्य असेल तर सुरुवात जिल्ह्याला करा. मुंबई-पुण्यात नव्या माणसाला एक बारीकसा बीट, म्हणजे बातम्यांचं ठरलेलं क्षेत्र, देतात आणि तो तिथेच अडकतो. जिल्ह्याला मात्र एकाच आठवड्यात जिल्हा परिषदेची सभा, बाजार समिती, कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटलचं शवविच्छेदन, गणपती मंडळांची शांतता कमिटी, सगळं तुमच्याच गळ्यात पडतं. पगार कमी असतो, काही ठिकाणी तर पुरवणीच्या जाहिराती पण बातमीदारानेच आणायच्या असतात, हे आधीच विचारून घ्या, स्पष्ट विचारायला लाजू नका. जाहिरातीचं टार्गेट असेल तर ज्याच्यावर बातमी लिहायची त्याच्याकडेच जाहिरात मागायला जावं लागतं, आणि तसली नोकरी वर्षभराच्या वर धरू नये असं माझं मत.

रिपोर्टिंग की डेस्क, हा पण नेहमीचा प्रश्न. लिहिणाऱ्याने दोन्ही करावं पण आधी रिपोर्टिंग. डेस्कवर दुपारनंतर जायचं, बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सोडायची, मग शहर आवृत्तीची पानं लावत मध्यरात्र, म्हणजे सकाळ कागदावर तरी मोकळी. प्रत्यक्षात दोन वाजता झोपलेला माणूस सकाळी सहाला उठून कथा लिहीत नाही. डेस्कवाल्याने ताजे तास सकाळी दहा ते बारा धरावेत आणि त्या वेळात फोन घ्यायचा नाही, एवढं जरी वर्षभर जमलं तरी कथासंग्रहाचा अर्धा भाग होतो. डेस्कचा खरा फायदा वेगळाच आहे, दुसऱ्याचा मजकूर कापून कापून स्वतःचं लिखाण कापायची भीती जाते. सातशे शब्दांचं तीनशे करायचं आणि काही हरवलं असं वाचणाऱ्याला वाटू द्यायचं नाही, हे कुठल्याही लेखन कार्यशाळेत पैसे भरून सुद्धा शिकायला मिळत नाही.

दोन वह्या ठेवा. एक ऑफिसची, तीत नावं, आकडे, कोण काय म्हणालं, तारखा, ही जपून ठेवायची कारण उद्या कुणी नोटीस पाठवली तर तीच कामाला येते. दुसरी स्वतःची, तीत बातमीत न गेलेलं लिहायचं, आणि ते त्याच दिवशी लिहायचं. माणसाच्या पायात काय होतं, बोलताना तो कुणाकडे बघत होता, खोलीत कसला वास होता. दुसऱ्या वहीत खरी नावं लिहू नका, ही सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्या.

एकच माल तीन ठिकाणी कसा वापरायचा, ते दाखवतो

समजा बाजार समितीत कांद्याचे लिलाव बंद पडलेत, हमाली-तोलाईच्या कपातीवरून व्यापारी आणि माथाडी यांच्यात वाद आहे आणि तुम्ही तिथे गेलात. बातमी साधारण अशी होणार: "हमाली-तोलाईच्या कपातीवरून व्यापारी आणि माथाडी कामगारांतील वाद कायम राहिल्याने बाजार समितीतील कांद्याचे लिलाव सलग दुसऱ्या दिवशी बंद राहिले. आवारात शेतकऱ्यांची वाहने खोळंबली आहेत." मग सभापती काय म्हणाले, व्यापारी संघटना काय म्हणते, माथाडींचं म्हणणं काय, बैठक कधी. झालं, संपलं, यात साहित्यिक काही घुसडू नका. "बळीराजाच्या डोळ्यांत कांद्याने आणले पाणी" हे हेडिंग सुचेल, ते देऊ नका, महाराष्ट्रातल्या प्रत्येक डेस्कवर ते देऊन झालंय.

हाच प्रसंग वर्गात नेताना बातमी दाखवून काही उपयोग होत नाही. कच्चे कागद न्यायचे. व्यापारी संघटनेचं पत्रक, माथाडींच्या निवेदनाची झेरॉक्स, आणि शेतकऱ्यांशी झालेल्या बोलण्याचं चार ओळींचं टिपण, अर्थात नावं काढून. विद्यार्थ्यांना म्हणायचं इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, लिहा, वीस मिनिटं. बहुतेक जण व्यापाऱ्यांच्या पत्रकातलं पहिलं वाक्य उचलतात, कारण ते टाइप केलेलं असतं, स्वच्छ असतं, पेपरच्या भाषेत असतं. मग विचारायचं, की हेच वाक्य का उचललंस? यावर जी चर्चा होते ती पुस्तकातल्या सहा ककारांच्या (कोण, काय, कुठे, कधी, का, कसं) धड्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवते, आणि तुम्हाला पण.

आणि गोष्ट? आवारात ट्रॉलीखाली गोणपाट टाकून बसलेला एक माणूस बायकोला फोनवर सांगतोय, "हां हां, चांगला गेला भाव, पैसे उद्या देतो म्हणालाय." लिलाव तर झालेलाच नाही. तो खोटं का बोलला? हे बातमीत टाकणं चूक, कारण ती त्याची खाजगी गोष्ट आहे आणि गावात पेपर जातो. पण ते वाक्य दुसऱ्या वहीत गेलं पाहिजे. आणि वर्षा-दोन वर्षांनी गोष्ट लिहाल तेव्हा तो माणूस, ते गाव, तो कांदा सुद्धा तसाच ठेवायचा नाही. द्राक्ष करा, कापूस करा, बायकोच्या जागी आई करा, भाऊ करा. उरतं ते खोटं आणि त्या खोट्यामागची लाज, आणि गोष्टीला तेवढंच लागतं. विश्वासाने बोललेल्या माणसाला उद्या गावात "हा तूच ना रे?" असं कुणी विचारता कामा नये. ऑफ द रेकॉर्ड सांगितलेलं कथेत पण ऑफ द रेकॉर्डच असतं, "काल्पनिक आहे, साम्य आढळल्यास योगायोग" असं छापलं म्हणून बदनामीच्या खटल्यातून सुटका होत नाही.

शिकवण्याकडे वळताना

इथे भावनेपेक्षा कागद महत्त्वाचे. सीनियर कॉलेजसाठी मास्टर्सला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०, आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेट देशभराची, वर्षातून दोनदा. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे चालते, गोव्यातल्या मराठीवाल्यांनी हे लक्षात ठेवा. दोन पेपर, पहिला सगळ्यांना सारखा ५० प्रश्नांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० मार्क, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. पत्रकारांनी जनसंवाद-पत्रकारिता हा विषय घ्यावा की मराठी, हे एमए कशात आहे त्यावर. पेपरची नोकरी चालू असतानाच ही परीक्षा काढून टाका, नोकरी सोडून अभ्यास करायच्या फंदात पडू नका. शाळेत शिकवायचं असेल तर बीएड, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, तो रस्ता वेगळा आणि लांबचा आहे.

पास झालात म्हणजे नोकरी लागली असं नाही, हे कुणी आधी सांगत नाही. बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते, सगळे सीएचबी म्हणतात ते. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि ते पैसे सुद्धा कधी कधी वर्ष संपताना एकदम येतात. म्हणून सीएचबीवर भाडं टाकू नका. पेपरची नोकरी किंवा अनुवाद, मुद्रितशोधन असं काहीतरी भाड्यासाठी ठेवायचं आणि सीएचबी अनुभवासाठी, एक-दोन वर्ष. तासांची नोंद स्वतःच्या डायरीत तारखेनिशी ठेवा, ऑफिसच्या रजिस्टरवर विसंबू नका.

पत्रकारांसाठी दुसरा बरा मार्ग व्हिजिटिंगचा. आठवड्यातून एक दिवस, दोन लेक्चर. विद्यापीठांच्या पत्रकारिता विभागांना, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांना, बीएमएम-मास मीडियावाल्या कॉलेजांना काम केलेली माणसं हवीच असतात. विभागप्रमुखांना भेटायला जाताना बायोडेटापेक्षा एका पानावर "मी हे चार तास असे घेईन" असं लिहून न्या, लगेच फरक दिसतो.

वर्गात काय करायचं याबद्दल साने गुरुजींची एक गोष्ट मला फार आवडते. अमळनेरला वसतिगृहात ते मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचे, रोज! आज कुठल्याही कॉलेजात हे जमतं, फळ्याशेजारी एक ड्रॉइंग पेपर लावायचा, रोज दोन विद्यार्थ्यांची पाळी, बातम्या फक्त कॉलेजच्या आवारातल्या. कॅन्टीनचे दर, लायब्ररीत पंखा बंद, कुणाची बस रद्द झाली. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनवाला येऊन भांडतो आणि मग मुलांना समजतं की बातमी म्हणजे काय, दोन्ही बाजू म्हणजे काय. मोबाइलवर ग्रुप करून हेच करता येईल, पण भिंतीवर लावलेलं लोक उभं राहून वाचतात आणि लिहिणारा लांबून त्यांचे चेहरे बघतो, ते मोबाइलवर होत नाही.

वर्गाचा एक धोका पण आहे. तेच ते समजावून सांगायची सवय कथेत शिरते, पात्रं एकमेकांना धडे द्यायला लागतात. स्वतःची कथा वाचताना जिथे जिथे एखादं पात्र चार वाक्यं सलग शहाणपणाचं बोलतंय तिथे पेन्सिलने खूण करा, बहुतेक वेळा तो तुमच्यातला मास्तर असतो. आणि एप्रिल-मे मध्ये पेपर तपासणी आली की लिखाण होणारच नाही असं धरून चाला, उगाच स्वतःवर चिडू नका.

लिहिलेलं कुठे जातं, कधी जातं

मराठीत अजून दिवाळी अंक हाच कथेचा मोठा बाजार आहे, १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेला. संपादकांची पत्रं आणि फोन साधारण उन्हाळ्यात सुरू होतात, मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत हवा असतो. म्हणजे कथा आधीच तयार पाहिजे, मागणी आल्यावर लिहायला बसलात तर बातमीसारखी उरकली जाते. डिसेंबर ते मार्च हा लिहायचा काळ धरा. नव्या माणसाने एका वर्षी दोन-तीनच अंकांना द्यावं, एकच कथा दोघांना पाठवू नये, संपादक एकमेकांशी बोलतात. मानधन किती आणि कधी हे मजकूर पाठवतानाच विचारायचं, मेलमध्ये एक ओळ पुरते. मिळालं नाही तर एक आठवण, मग दुसरी, आणि मग पुढच्या वर्षी तिथे नाही. फाइल युनिकोडमध्ये ठेवा, पण काही छापखान्यांत अजून श्रीलिपी वगैरे जुने फॉन्ट चालतात, फॉन्ट बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, तेव्हा शेवटचं प्रूफ स्वतः बघायचा आग्रह धरा.

नाटकाची ओढ असेल तर कॉलेजात शिकवणं ही खरी सोय, कारण समोर नट असतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, शिवाय राज्य नाट्य स्पर्धा आहे, तिथे नवी संहिता लागतच असते. पण सार्वजनिक प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, ते काम मुलांवर ढकलू नका. आणि प्रयोगाची परवानगी कुणाला, किती प्रयोगांसाठी, हे लेखी द्या, मैत्री असली तरी, मैत्री असेल तर जास्तच.

पहिलं पुस्तक काढायला साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात येते त्यावर लक्ष ठेवा. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला वयाची अट ३५ आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, "आयएसबीएनचे पाच हजार" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. आणि लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक छापणाऱ्याला प्रकाशक म्हणायची पद्धत पडलीय, तसं करायचंच असेल तर करा पण मग प्रती तुमच्या, हक्क तुमचे, हे कागदावर घ्या.

सिरियलबद्दल. पैसा इतर सगळ्यांपेक्षा बरा, पण रोजच्या मालिकेचे संवाद म्हणजे भाडं देणारं काम तुमचे ताजे तास पण खाणार आणि माल तर देणार नाहीच, उलट तुमच्याकडचाच काढून घेणार. एखादं वर्ष करावं, पैसे साठवावेत, आणि त्या पैशावर पुढचं वर्ष कादंबरीला द्यावं, असा हिशोब असेल तरच.

हक्क आणि पैसे, कंटाळवाणं आहे पण वाचा

कॉपीराइट कायदा १९५७ चा. पेपरच्या पगारावर असताना पेपरसाठी लिहिलेलं असेल, आणि वेगळा करार नसेल, तर वर्तमानपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी, म्हणजे पुस्तक वगैरे, लेखकाचा. हे बऱ्याच पत्रकारांना माहीतच नसतं आणि ते स्वतःच्या सदराचं पुस्तक काढायला घाबरतात. मात्र "वेगळा करार नसेल तर" हे महत्त्वाचं, आता नेमणूकपत्रात सगळे हक्क लिहून घेण्याची पद्धत आहे, तेव्हा सही करायच्या आधी वाचा आणि "पुस्तकाचे हक्क लेखकाकडे" एवढी ओळ घालून मागा. बाहेरून लिहीत असाल तर लेखी दिल्याशिवाय हक्क तुमचाच. हक्क दिले पण मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्ष धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत धरतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणून "कायमचे सर्व हक्क" दोन हजारांना देताना नातवंडांचा पण विचार करा.

मानधनातून बरेचदा १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो आयकर खात्याकडे आपल्या नावावर दिसतोय का ते बघत जा. पुस्तकाच्या रॉयल्टीवर जुन्या करपद्धतीत ३ लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत नाही, आपल्याला काय परवडतं ते सीएला विचारा. तीन ठिकाणचे पैसे एकाच खात्यात येऊ द्या, पण वहीत तीन रकाने करा, वर्षाच्या शेवटी बघितलं की कळतं खरं भाडं कोण देतंय, ते आपल्या समजुतीपेक्षा वेगळं निघतं बऱ्याचदा.

कायम नोकरी लागल्यावर, कॉलेज असो वा सरकारी, सेवानियम काढून वाचा, बाहेरच्या कामाला आणि मानधनाला परवानगी कुठे लागते ते त्यात असतं. टोपणनावाचा रस्ता जुना आहे, जयवंत दळवी 'ललित' मासिकात ठणठणपाळ होऊन वर्षानुवर्षं साहित्यिकांची टिंगल करत होते आणि वाचक त्याची वाट बघायचे. पण टोपणनावाने सेवानियम टळत नाहीत, टळतो तो फक्त स्टाफरूममधला टोमणा.

शेवटचं एक बारीक काम, ते आजच करून टाका. स्वतःचे तीन परिचय लिहून ठेवा, प्रत्येकी पन्नास शब्दांचे. कॉलेजला पाठवायच्या परिचयात शिक्षण, नेट-सेट, किती वर्ष कुठे काम केलं. दिवाळी अंकाला कथा कुठे कुठे आल्यात तेवढंच, पदव्या नकोत. आणि संपादकाला नोकरीसाठी पाठवताना कुठले बीट केले आणि आपल्या तीन चांगल्या बातम्या कुठल्या. तिन्हीकडे एकच परिचय पाठवला की विभागप्रमुखाला वाटतं हा कवी आहे, टिकणार नाही, आणि दिवाळी अंकवाल्याला वाटतं हा प्राध्यापक आहे, फार लांबण लावणार. फोटो मात्र तिन्हीकडे एकच चालतो, फक्त लग्नातला कापून काढलेला नको, खांद्यावर दुसऱ्याचा हात दिसतो.